फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट

२००८ सालची गोष्ट. पिरंगुटच्या थांब्यावर मृण्मयी पौडच्या बसच्या रांगेत उभी होती. शेजारीच कंपनीतून सुटलेले दोघे पुण्याच्या बसची वाट बघत होते.

“काय रत्नदीप, हौसेनं विंडोज काढून लिनक्स टाकलंस. आला का कॉम्प्युटरचा आवाज?”

“दीड महिना मुकाच व्हता, शैलेशभाऊ. रोज एक बदल करायचा अन् कंपनीत लिहितो तसा वहीत लिहायचा. खाली परत, ‘पुढच्या शिफ्टने इथे हात लावू नये.’”

“घरात कसली रे पुढची शिफ्ट?”

“हाताची सवय वो. रविवारी मातर ठरवलं, लई झालं, विंडोज परत टाकायचं. वही उघडली, तर माझ्या लिखाणाखाली तृप्तीचं अक्षर.”

“वहिनींना येतो कॉम्प्युटर?”

“इंग्रजीला बिचकायची, म्हणून शिवत नव्हती. तिनं भाषांच्या यादीत मराठी हुडकली, अन् समदा पडदा मराठीत केला.”

पौडची बस आली. मृण्मयीनं मागच्या बाईला पुढं जाऊ दिलं.

“लिहिलं काय होतं?” शैलेशनं विचारलं.

“‘सेकंड शिफ्ट, तृप्ती. तुमचे एकेचाळीस बदल वाचले. आवाजाच्या खिडकीत मूक नावाच्या चौकटीत बरोबरची खूण होती. ती काढली. आता रेडिओसारखा वाजतोय. फर्स्ट शिफ्टने इथे हात लावू नये.’”

“मग? लावलास?”

“न्हाई. खाली सही केली. ‘वाचले. फर्स्ट शिफ्ट.’”