शेळ्यांची म्हणून ठेवलेली लस

काय सांगू ताई तुम्हाला, छावणीच्या मागं नाल्याकाठी आमची वस्ती, आणि बा सायकलला दोन पत्र्याचे डबे लावून औरंगपुऱ्यातल्या हॉटेलांचं खरकटं आणायचा, डुकरांसाठी. तेव्हा ती मोकळी हिंडायची, कुणी दगड मारायचं, कधी म्युन्सिपाल्टीची गाडी उचलून न्यायची, मग घरात चूल पेटायची नाय. पण बा डुकरांना आधी घालायचा, आम्हाला मागून. हसू नका, खरं हाय. आई चिडायची, म्हणायची जा, त्यांच्यातच झोपा जाऊन.

शाळेत पोरी माझ्याजवळ नाकाला रुमाल लावायच्या. तरी शिकले. वस्तीतली पहिली बी.ए. मी, हे कुणालाबी ताठ मानेनं सांगते. कॉलेजात मात्र बाप काय करतो विचारलं की म्हणायचे, जनावरं हायेत आमची. जनावरं म्हणलं की लोकांना गाई-म्हशी दिसतात.

पुढं बानं विटांचा वाडा बांधला, डुकरं आत घेतली, चाळीसेक असतील. एका जागी कोंडली आणि खोकला शिरला. डुक्कर म्हाताऱ्या माणसासारखं खोकतं ताई, बसून, पोट आत ओढून. पिल्लं तर तोंड उघडं टाकून पडायची. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, धडधाकट हायेत त्यांना लस देऊ, मी मागवतो, तू शिकलेली हायेस, तूच टोच, कानामागं मानेत, आणि तोवर बाटल्या थंड ठेव. बा वस्तीभर सांगत फिरला, माझी पोरगी इंजेक्शन करणार, माझी पोरगी.

बाटल्या आल्या तेव्हा बा सिल्लोडला मयतीला गेलेला, आणि त्याच्याशिवाय डुकरं धरणार कोण. वस्तीत फ्रिज नाय. रस्त्यापलीकडं एका मास्तरांचं घर, तिथल्या काकू चांगल्या, पण सोवळ्याच्या. बाटलीवर डुकराचं चित्र होतं. मी ते नखानं खरवडून काढलं, खोक्यातला माहितीचा कागद फेकून दिला, आणि म्हणलं, काकू, शेळ्यांची लस हाय. काकू म्हणल्या, ठेव की बाई, माझ्या माहेरीबी शेळ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी बा आला, त्यानं एकेक धरलं, मी टोचलं. बाटली हलवली तर आत बारीक गुठळ्या, मला वाटलं असंच असतंय. पुढच्या दोन महिन्यांत वाडा निम्मा झाला. डॉक्टर म्हणले, लस गोठली तर नव्हती? गोठली की ती कामाची नाय. काकूंकडं पळत गेले, त्या म्हणल्या, अगं ऊन केवढं, मीच एक दिवस वर बर्फात सरकवलेली, मग खाली काढली, बिचाऱ्या शेळ्या तुमच्या. गोठवू नका, हे त्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं असतं ताई. वस्तीत इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि तो कागद मीच फेकला.

बाला सगळं सांगितलं. ओरडला नाय. म्हणला, डुक्कर म्हणायची लाज वाटली व्हय तुला? तुझ्या कॉलेजात फी भरताना क्लार्कला मी डुकरं विकली म्हणूनच सांगितलं की गं.

वस्तीतली माणसं म्हणायची, बी.ए.नं मारली. बानं राहिलेली डुकरं देऊन टाकली, सिल्लोडला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला गेला आणि दोन वर्षांनी तिकडंच वारला. माझ्याशी बोलायचा, जेवलीस का विचारायचा, पण माझी पोरगी असं करणार, तसं करणार, हे मी त्याच्या तोंडून परत ऐकलं नाय.

तो गेल्यावर मी परत डॉक्टरांकडं गेले, नीट शिकले. कुणी वाड्यात पाय ठेवू देईना. एक म्हातारी म्हणली, ही दोन मरायलाच टेकलीत, यांना टोच. मी म्हणलं, आजी, आजाऱ्यांना नाय, चांगली दे. लई शिव्या दिल्या तिनं, आणि मग चांगली दिली.

आता वस्तीतल्या प्रत्येक वाड्यात पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की मला बोलावणं येतं. बा नाय बघायला, त्याला काय करणार. पण गेल्या तीन वर्षांत आमच्या वस्तीत खोकल्यानं एकबी डुक्कर मेलेलं नाय.