ओकी टीटरच्या शर्टाचा तुकडा

नाही म्हणजे नाही. हे काडतूस मी तुला देणार नाही. आहे, भरपूर आहे, ते बघ मागच्या फळीवर — पण तुझ्यासाठी नाही. हात बघू तुझे. दाखव गं, लाजतेस काय, तुझ्या आजोबांच्या वयाचा माणूस मी — हां, ही बघ मनगटं! ह्या मनगटांवर तू फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी झाडणार? ते रायफलीचं काडतूस आहे बाई, अंगठ्याएवढं जाड, जुन्या लोकांनी गवे पाडायला वापरलेलं. रायफलीला दस्ता असतो, मागे खांदा असतो, धक्का अंगभर वाटला जातो. पिस्तुलाला मागे काय असतं? तुझे हे दोन पंजे. आणि कपाळावर काय झालंय ते? दार लागलं? अगं, चाळीस वर्षं बंदुकांच्या दुकानात बसलोय मी, पिस्तुलावरची दुर्बीण उसळून कपाळावर बसली की कशी खूण पडते ते मला कळत नाही होय! झाडून बघितलंस ना घरी? किती वेळा? तीन. आणि तिसऱ्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले — मिटले की नाही? मिटलेच. त्याला आम्ही दचक म्हणतो. ती एकदा हाताला लागली की देव आला तरी नेम लागत नाही.

सोमवारी हरणांचा मोसम उघडतोय, आज शनिवार. दोन दिवसांत दचक जात नाही. आणि तुझं पिस्तूल कसलं? एकबारी. एक काडतूस घालायचं, एक झाडायचं, संपलं. रायफलवाला दुसरी गोळी घालतो, तिसरी घालतो, तू काय करणार? हरीण तोवर डोंगरापलीकडे. म्हणून काडतूस हरणाकडे बघून निवडायचं नसतं, आपल्या हाताकडे बघून निवडायचं — लिहून ठेव हे. हरणाला काय, फुप्फुसात नीट बसली तर लहान गोळीही पुरते, आणि पोटात बसली तर तोफेचा गोळाही पुरत नाही. तू ते लहान थर्टी-थर्टी घे. शंभर यार्डांच्या आत राहा, याच्या रायफलीत काडतुसं एकामागे एक भरतात म्हणून तिला चालत नाही ती टोकदार, पातळ कवचाची गोळी यात खुशाल घाल — नळीत एकच काडतूस, पुढच्याच्या बुडाला टोक लागून बार उडायची भीती नाही — आणि धक्का असा की डोळे उघडे राहतील. नळी? अगं, ह्या पिस्तुलांचं तेच तर सुख आहे, एक खीळ काढली की नळी बदलते. मी देतो बदलून. काढ ते टॉवेलातून बाहेर. काढ ना.

थांब.

हे कुठून आलं तुझ्याकडे? नाही, मला बघू दे. मुठीवर हा जळका डाग — हा शिकारीच्या कॅम्पातल्या शेगडीचा आहे, मी होतो तिथे, बकव्हीटच्या घावनांचा तवा उचलला आणि ओकी मठ्ठानं तिथेच पिस्तूल टेकवलं. त्याच्या बायकोनं, लोरीननं दिलं तुला? म्हणजे तू — तू शेल्बी? ओकीची शेल्बी? अगं, एवढीशी होतीस, याच काउंटरवर बसून पेपरोनी रोल खायचीस, आणि मी मघापासून — बाई गं. बस तू. नाही बसायचं? मग मी बसतो.

तिकडे भिंतीकडे बघू नकोस. बघितलंस वाटतं आल्या आल्याच. हो, तोच, लाल चौकड्याचा, तिसऱ्या ओळीत. ‘ओकी टीटर’ — शाईसुद्धा माझ्या हातची. हरीण चुकलं की शर्टाची शेपटी कापायची आणि दुकानात खिळ्याला ठोकायची — गंमत असते ती, पोरी. माझ्या बापाची आहे तिथे, धर्मगुरूंच्या दोन आहेत. सगळे हसतात, ज्याची कापली तोही हसतो. माझी? माझी नाही. माझा नेम कधी — ते जाऊ दे.

काय म्हणालीस? हळू बोलतेस तू, बापासारखी. थर्टी-थर्टीनंच बाबांचा नेम चुकला होता म्हणून नको. म्हणून मोठी नळी. मोठ्या नळीनं बाबांनी निदान हरीण पाडलं तरी. हे कोणी सांगितलं तुला? गावानं. हो, गाव सांगणारच. पाडलं म्हणजे काय गं, पोटात लागली होती त्याला, अर्धा दिवस चालत होतं ते बिचारं रक्त सांडत, आणि मागे मागे तुझा बाप. जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही — हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. नदीकाठी बर्फ नुसता सायीसारखा धरलेला. हरीण पलीकडे गेलं, हा पण उतरला. मंगळवारी हरीण सापडलं, बुधवारी तो सापडला. एकोणीस वर्षं झाली. आणि सोमवारी तू त्याच डोंगरावर बसणार, तेच पिस्तूल, तीच नळी, हाताला तीच दचक — आणि तू तरी जखमी हरीण सोडून परत येणारेस का? तोंडच सांगतंय तुझं, नाही येणार.

म्हणून नको म्हणतोय. ऐक माझं. नेम काय, कोणाचाही चुकतो, त्या दिवशी वारा असेल, फांदी आडवी आली असेल — काय? पेटी दे म्हणतेस? नाही देत. दुसऱ्या दुकानातून घेशील? घेशील तू, काही नेम नाही तुझा.

शेल्बी, ती पुढची खिडकी आहे ना, तिच्यातून जरा रस्त्याकडे बघ. हिरवा ट्रक दिसतोय? नाही अजून? चारला वेर्लिन आणि हॉबर्ट येतात, रोज येतात, कॉफी फुकट असते ना. ते यायच्या आत सांगून टाकतो. खाली, गल्ल्याच्या मागे हे — थांब, गुडघे धरतात — हे तेलाच्या फडक्यात. सोड गाठ. ही तुझ्या बापाची जुनी नळी. थर्टी-थर्टी. लोकांनी मागितली, मी विकली नाही. दुर्बीण अजून तशीच आहे वर. आता हात लाव तिला. बोटानं ढकल. हलली ना?

हलतेय. एकोणीस — नाही, वीस वर्षं हलतेय ती. मी बसवली होती. मोसमाच्या आधीचा शनिवार, असाच, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. स्क्रू बोटानं फिरवून ठेवले, म्हटलं आवळतो नंतर, तेवढ्यात कोणी हाक मारली — विसरलो. राहिलं तसंच. ओकी म्हणाला, एकदा कागदावर झाडून बघतो रे डेन्झिल. मी काय म्हणालो माहितेय? म्हणालो, माझ्या हातची दुर्बीण आहे, तपासतोस कसली! सोमवारी ऐंशी यार्डांवर उभं हरीण चुकलं त्याचं. त्याचं कसलं — माझं चुकलं. आणि कात्री कोणी धरली? मी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना — पण नाही, तेव्हा मला ठाऊक नव्हतं, हे तरी खरं धर. ठाऊक झालं हिवाळ्यात, त्यानं ही नळी बदलायला आणली तेव्हा. हातात घेतली आणि दुर्बीण हलली. बोलायचं ना मी? एक वाक्य होतं. ओकी, चूक तुझी नाही. एवढंच! अख्ख्या वेस्ट व्हर्जिनियात माझ्यासारखी दुर्बीण कोणी बसवत नाही म्हणून मिरवणारा मी, माझी जीभ उचलली नाही. उलट म्हणालो, हे बायकांचं काडतूस सोड, मर्दाची नळी घे. आणि गळ्यात मारली ती.

अजून एक आहे. तेही ऐक, आता राहिलंय काय. पुढच्या वर्षी, आजच्याच दिवशी तो आला होता. कपाळावर हीच खूण. इथे, तू उभी आहेस तिथे. हळूच म्हणाला, डेन्झिल, मला झेपत नाही रे ही, जुनी परत दे. दुकानात सहा जण होते. जुनी दिली असती तर त्यानंही दुर्बीण हलवून बघितली असती, कळलं? म्हणून मी भिंतीवरची कात्री काढली आणि मोठ्यानं ओरडलो — ओकीची दुसरी शेपटी आत्ताच कापून ठेवू या, सोमवारची खोटी कशाला! सगळे हसले. तोही हसला. टोपी घातली आणि गेला. दोन दिवसांत...

मी मारलं त्याला, शेल्बी. नदीनं नाही.

असं बघू नकोस. किंवा बघ. पण नळी ही घे, स्क्रू तुझ्यादेखत आवळतो — दे इकडे, नाही, तूच आवळ, किल्ली ही — अजून, अजून, हां. आता हलव. नाही ना हलत? तरी उद्या कागदावर वीस गोळ्या झाडून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, कोणावरच ठेवू नकोस. ही पेटी. तुझा बाप चांगला नेमबाज होता, तू त्याचीच नळी वापरतेयस, त्यात कमीपणा काही नाही.

आला वाटतं ट्रक. येऊ दे. कात्री तिथे खिळ्याला आहे, घे ती. मी पाठ करतो. शर्ट काढलाय बघ बाहेर, पांढरा आहे, नाव ठळक दिसेल. काप, पोरी. ते आत येऊ देत, त्यांच्यासमोर काप. वाटेल तेवढी काप, मी हलणार नाही. बूट वाजतायत त्यांचे. काप ना. ऐकू आलं ना तुला? शेल्बी? दाराची घंटा वाजली ती — ते आत आले की तू...

गेली? पिस्तूल घेऊन गेली? आणि नळी — जुनी की — बघू दे मला, सरक, हॉबर्ट — मोठी नळी इथेच टाकलीय. जुनी नेली. नेली रे, नेली. भिंतीवरचा ओकीचा तुकडाही नेला, नुसता खिळा राहिलाय. कात्रीला हात नाही लावला तिनं.

काय बघताय दोघं? हो, माझाच शर्ट बाहेर आहे. नाही, प्यायलेलो नाही. कॉफी नंतर. वेर्लिन, दार लाव आणि ती कात्री दे इकडे.