आत जाणारं पाणी, बाहेर येणारं पाणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, माझ्या थोरल्या भगिनी. प्रमुख पाहुणे प्राचार्य महोदय. आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती पाणीवाले काका, आणि काकू. आणि पॅकिंगचे क्रेट बाजूला सारून याच हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

प्राचार्यांनी आत्ताच आपल्या बिनमातीच्या टोमॅटोशेतीचं कौतुक केलं. माती नाही, तण नाही, शेतापेक्षा कितीतरी कमी पाणी. टाळ्या तुम्ही वाजवल्या, मीही वाजवल्या. काकांचे हात मात्र मांडीवरच होते, हे कोणी पाहिलं का?

अठरा वर्षं काका रोज सकाळी टाकीतलं पाणी तपासत आले. टोमॅटोच्या मुळांना किती खत, किती क्षार, सगळं मीटरवर. हे त्यांचं काम. मग ते गमबूट चढवून शेडच्या मागे जात आणि मुळांखालून निथळून ओढ्याला मिळणाऱ्या पाण्यातलेही क्षार मोजत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तो आकडा ते खडूने माझ्या केबिनच्या दारावर लिहीत. मी वाचायचो, झाडलोटीच्या मावशी पुसायच्या. अशी आमची चोख व्यवस्था.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, सुटीच्या दिवशी तरी दार कोरं ठेवा."

"ओढ्याला सुटी द्या शेठ, मीही घेतो."

ओढ्याच्या खालच्या अंगाला काकांचं घर, विहीर आणि काकूंची परसबाग. काकू दरवर्षी आमच्याकडे टोपलीभर घेवडा पाठवायच्या. हो, भाजीच्या कारखानदाराला भाजी! आधी घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या, मग विहिरीचं पाणी मचूळ झालं. तीन वर्षांपूर्वी टोपली यायची थांबली. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हात बांधून बसलो नव्हतो. निथळलेलं पाणी पुन्हा टाकीत फिरवायला घेतलं. नळ काकांनीच जोडले. अकराव्या दिवशी एका कोपऱ्यातला मुळांचा रोग त्याच पाण्यातून चारही शेडमध्ये पोचला. झाडं तुम्हीच उपटलीत, आठवतं ना? पुढे पाणी निर्जंतुक करणारं यंत्र आणलं. रोग थांबला, पण प्रत्येक फेरीत क्षार साचत गेले. शेवटी ते पाणी सोडावंच लागतं. आणि सोडलेलं पाणी खालीच जातं.

ताई म्हणाल्या, बंद करून टाक. म्हणजे या हॉलमधल्या साठ जणांनी उद्यापासून कुठे जायचं? त्यात काकांची सूनही आली. मी शेड चालूच ठेवल्या. अजूनही चालूच आहेत.

निरोपाला रोप द्यायचा आपला रिवाज. मगाशी लिंबाचं रोप काकूंच्या हाती दिलं, तेव्हा माइक बंद होता. पण माझे कान तिखट. काकू हळूच म्हणाल्या, "कुठे लावायचं हो हे?"

"कुंडीतच राहू दे. फोटो होईपर्यंत हस जरा."

आज सकाळी दारावर काकांचा शेवटचा आकडा होता. मावशींना म्हटलं, आजचा पुसू नका. न पुसल्याने तो कमी होत नाही, एवढं मलाही कळतं.

आपण सर्व आलात, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. काकू, तुमच्याकडे मात्र क्षमा मागायची माझी हिंमत होत नाही.