विश्राम तांबटाचा उडता बंब

जरा दम घ्या मृदंगवाले बुवा, पेटीवाल्यांनाही पाणी द्या! मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. गाडी बांधतो एक, पैसा घालतो दुसरा — मग गाडी जाणार कुणाच्या गावाला? हं? मागचे काका म्हणतात, 'ड्रायव्हरच्या!' काका, एसटीत होतात वाटतं! नाही हो, इतकं सोपं नाही ते. म्हणा गोविंद! आणि चला माझ्याबरोबर कोंढापूर संस्थानात. नकाशात शोधू नका — कथेतलं संस्थान आहे, तिकीट लागत नाही!

तर या कोंढापुरात विश्राम तांबट राहायचा. आंघोळीचे बंब घडवायचा. तुमच्या आजीकडं होता ना बंब? तांब्याचा, मधे नळी, नळीत निखारे, भोवती पाणी! विश्रामचा बंब असा, की नवरदेवाची आंघोळ व्हायची, अख्ख्या वऱ्हाडाची व्हायची, तरी पाणी आपलं कढतच!

त्याला एकुलती एक लेक, येसू. दिली नदीपलीकडं, हरणगावात — म्हणजे शेजारच्या संस्थानात. श्रावणात पंचमीला लेकी माहेरी येतात की नाही? पण श्रावणात नदी अशी फुगायची, की नावाडी नाव उलटी घालून तिच्यावर झोपायचा! लग्न झाल्यापासून येसूची एक पंचमी माहेरी झाली नाही. न्यायला यायला भाऊ नाही. बाप या काठावर, लेक त्या काठावर. ती ओरडायची, 'तात्याऽऽ!' — आणि अर्धी हाक पाण्याच्या आवाजातच बुडायची. काय वाटत असेल हो त्या बापाला! घरी येऊन तो जेवायचा नाही.

एक दिवस काय झालं — बंबाचं झाकण वाफेनं उडालं, टण्णकन आढ्याला लागलं! विश्राम वर बघतच राहिला. बायकोला म्हणतो, 'तानू, झाकण उडतं, तर मी का नाही उडणार?'

तानूबाई म्हणाली, 'झाकणाला तुमच्यासारखं पोट नाही म्हणून!'

पण माणूस पेटला! बांबू आणले, तानूबाईची दोन लुगडी ताणून पंख केले, पुढं पंखा, मधे बंब, खाली चाकं. आणि बैठका दोनच. पुढची आपली, मागची येसूची. मागचीवर त्यानं आधी रंधा मारला — लेकीचं लुगडं अडकायला नको! असा बाप! पण तांबं संपलं. गेला महाराजांकडं.

महाराज म्हणाले, 'वा, वा! पण विश्राम, शाळेच्या खात्यात खडखडाट, दवाखान्याच्या खात्यात खडखडाट. पैसा आहे तो फौजेकडं.' मंडळी, फौज केवढी? मूठभर शिपाई आणि एक हत्ती — तोही गुडघेदुखीनं रजेवर! पण फौजेवर अंमल सर्जेराव बक्षींचा. मिशा अशा, की दारातून आधी मिशा येणार, मग साहेब!

'उडेल?'

'उडेल, बक्षीसाहेब.'

'मग तोफ बसव!'

'तोफ कशाला, साहेब? मला लेकीला आणायचंय.'

'पैसा कुणाचा?'

संपलं! तोफ आली — विमान खाली बसलं. मग मोठा बंब हवा. मोठ्या बंबाला जास्त कोळसा. कोळशाला पोती. मग पोलादी पत्रे. मग बक्षीसाहेबांची गादीची खुर्ची — शेजारी पिकदाणी! हसू नका, तुमच्याही घरात असंच एकेक वाढत जातं! आता गोळ्यांची पेटी ठेवायची कुठं? विश्रामनं करवत घेतली आणि मागची बैठक कापली. स्वतःच्या हातानं! कुणी जबरदस्ती केली? छे! छातीवर बिल्ला आला होता ना — 'संस्थानी विमानकार'! बाजारात लोक वाकून रामराम करत होते. 'येसूची बैठक काय, पुढच्या वर्षी करू,' म्हणाला. आपण म्हणतो ना, तस्संच!

आणि विमान? उडेना! पण धावायला लागलं — फुस्स, फुस्स, फुस्स! पुढं कोंबड्या, मागं धूर! बक्षीसाहेब खुशीत. 'उडत नाही? नको उडू दे! शत्रू काय आभाळात राहतो? पंचमीला महाराजांसमोर पलीकडच्या टेकाडावर पहिला गोळा टाक. शेजाऱ्यांना कळू दे कोंढापूर काय आहे!'

पंचमी उजाडली. नदीकाठी मांडव, महाराज, सनई, झाडून सगळा गाव! विश्रामनं तोफेचं तोंड फिरवलं. एक डोळा मिटून नेम बघितला. टेकाडाच्या पायथ्याशी, पाण्याजवळ, कुणीतरी उभं. हात हलवतंय. दरवर्षीसारखं!

मंडळी, ज्या गाडीनं लेकीला आणायचं, तिचं तोंड लेकीकडंच — पण कसलं तोंड हे!

तानूबाई शेजारी होती. 'काय दिसतं?'

'येसू.'

'आणायला निघाला होतात ना तिला? मग ती बसणार कुठं?'

विश्राम घळाघळा रडला, सगळ्या गावासमोर. बिल्ला काढून खिशात टाकला, पाना घेतला आणि फिरवायला लागला बोल्ट! तोफ — धडाम! पत्रे — खणण् खणण्! पिकदाणी गडगडत महाराजांच्या पायाशी!

'अरे, काय करतोस?' बक्षी किंचाळले.

'हलकं करतोय, साहेब!'

गोळ्यांची पेटी उतरली, खुर्ची उतरली. तानूबाई पळत घरी गेली, जेवायला बसायचा पाट घेऊन आली. ठाक, ठाक, ठाक — पाट मागं ठोकला! बंब मात्र फौजेच्या पैशाचा, दणदणीत मोठा! देवासमोर उभा आहे, खोटं कशाला बोलू? त्या पैशाशिवाय एवढी वाफ झाली नसती. फुस्स, फुस्स... भर्रर्र! चाकं सुटली जमिनीवरून! महाराज उभे राहून टाळ्या वाजवतायत, सनईवाला सूर विसरला! नदी खाली, विश्राम वर!

हरणगावात येसूच्या सासूनं पदर डोळ्यांवर धरून बघितलं. म्हणाली, 'जा बाई माहेरी, जा! पण हे धुराडं आधी माझ्या परसातनं हलवा!'

येसू पाटावर बसली. बापाच्या पाठीला गच्च धरलं. सगळी नदी ओलांडेपर्यंत ती हसत होती, आणि तो मागं वळून वळून बघत होता — आहे ना, आहे ना!

इकडं विमान टेकलं, आणि बक्षीसाहेब धावत आले! रागानं? अहो कसले रागानं! मागं शिपाई, शिपायांच्या खांद्यावर तोफ! 'विश्राम! उडतं की रे हे! चढव, चढव पुन्हा तोफ — पैसा डबल देतो!'

विश्राम हात जोडून म्हणाला, 'चढवली असती, साहेब. पण जागा भरलीय. लेक बसलीय माझी.'

गोविंद म्हणा, मंडळी! पैसा वाईट असं मी म्हणत नाही. वाफ पैशाचीच होती! पण पैसा आला की करवतही मागून येते, आणि ती आपणच हातात घेतो. तुम्ही दुकान काढलंत, नोकरी धरलीत, गाडी घेतलीत — कुणासाठी केलं होतं हो हे? आठवा! ते माणूस बसलंय का मागं? की तिथं आता पेटी ठेवलीय? बसलं असेल, तर भाग्यवान आहात. आणि नसेल, तर मी खिरापत वाटेपर्यंत थांबू नका. उठा, घरी जा, आणि आधी त्याला बसायला पाट द्या!