अंधारात पाहायची दुर्बीण

शिवणकाम करणाऱ्या काकू चष्म्याच्या दुकानात आपला नंबर यायची वाट पाहत होत्या. त्यांच्या पुढे एक बहीण-भाऊ होते. दुकानदाराने बहिणीच्या हातात एका डोळ्याने पाहायची, अंधारातही दिसणारी दुर्बीण दिली होती.

“हिचा दिवा समोरच्याला दिसतो का हो?”

“नाही. त्याचा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.”

“मग आईला कळायचं नाही. टॉर्च मारला की केवढी दचकते ती!”

“त्यापेक्षा मागच्या दाराला कुलूप लावू या ना, ताई.”

“नको रे. बागेत बाबांशी बोलायला जाते ती. बाबा गेलेत हे तिच्या ध्यानातच राहत नाही. बोलून झालं की मुकाट्याने येऊन झोपते. आपण फक्त लांबून लक्ष ठेवायचं.”

“आणि रोज रात्री जागणार कोण?”

“आळीपाळीने जागू. आज मी, उद्या तू.”

भावाने दुर्बीण डोळ्याला लावली आणि काउंटरखालच्या अंधाराकडे बराच वेळ पाहिलं. काकूंनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

“ही डोक्याला बांधता येते का?” भावाने विचारलं.

“येते की. पट्टा वेगळा घ्यावा लागतो.”

“तोही द्या. ती अडखळली तर धरायला दोन्ही हात मोकळे हवेत.”