तीन दारं आणि एक दार

...आणि तुम्हाला सांगते, एकच दार आहे म्हणून फ्लॅट घेणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच, आणि तो माझ्या नशिबी! आमचे हे, दत्तात्रेय, कॉलेजात गणित शिकवतात. शिकवतात म्हणजे काय... फळ्याकडे बघत हरवतात, मुलं हळूच घरी जातात, यांना पत्ता नाही!

शहाण्णव साली घरात कॉम्प्युटर आला नि यांनी त्यात ससे-कोल्हे पाळले. खरे नाहीत हो! पीएचडीचे. पडद्यावर नुसते ठिपके. ठिपका म्हणजे रान, रेघ म्हणजे वाट, ससे हिरवे, कोल्हे लाल. झोपेत बोलल्यासारखे सांगायचे, "शैला, ससे तेच, कोल्हे तेच, भूक तीच... मी फक्त वाटा बदलल्या. बघ!" आणि खरंच हो, ठिपके तेच ठेवून रेघा वेगळ्या ओढल्या की रांगोळी बदलते ना, तशी नक्षी बदलायची... कुठे सशांची दाटी, कुठे रान ओस. मीही बघत बसायची, भाजी करपेपर्यंत!

आता नागरवाड्यातलं आमचं घर तीन दारांचं. पुढून शेजारचे विश्वासराव, "वहिनी, सहज आलो हं!" मागून येसूबाई, "चकली केलीस? वास आला!" बोळातून कांताबेन, "केम छो शैलाबेन, जराक बेसुं ने?" म्हणत टेकायच्याच! डबा भरतेय तोवर रिकामा! हे वैतागले. "सगळ्या वाटा आपल्याच घराला! इथे चकली टिकायची नाही आणि माझी पीएचडीही व्हायची नाही. भूक तीच राहू दे गं, वाटा बदलू!" घर दिलं भाड्यानं अवंती नावाच्या नव्या नवरीला नि तिच्या नवऱ्याला, आणि आम्ही निजामपुऱ्यात. तिसरा मजला, एक जिना, एक दार.

काय शांतता! चकली डब्यात राहून राहून मऊ पडली हो! आणि हे? कॉम्प्युटरपुढे बसून बघायचे दाराकडे. बेल वाजली की धावायचे... केबलवाला! एकदा तर त्यालाच आग्रहानं बसवून चकली वाढली. मला चिडावं की रडावं कळेना. रडूच आलं, खरं सांगते. पीएचडी? एक ओळ पुढे सरकेना.

मग "फिरून येतो" सुरू झालं. रोज! परवा मी मागोमाग रिक्षा केली, तर कुठे? नागरवाडा! आमच्याच जुन्या घरात, झोपाळ्यावर हे, एका बाजूला विश्वासराव, दुसरीकडे येसूबाई, मांडीवर चकलीची बशी, आणि कागदावर ठिपके, रेघा... भराभर, भराभर! इतकं सुखी मी यांना किती दिवसांत पाहिलं नव्हतं. मला बघून ओशाळले, "शैला, कोल्हे तेच, भूक तीच..."

"पुरे!" म्हटलं.

अवंती बिचारी दारात उभी, हातात रिकामा डबा. मी चपला काढल्या नि म्हटलं, "इलाज नाही गं बाई... चहा टाक. माझ्यात साखर कमी घाल, रोज प्यायचाय!"