चिंधी की पैठणी

आई : ...तसं नाय गं. इंटरवलाच्या आधीच येते मी. तुझ्या नानासाहेब मामानं विचारून घेतलंय. तू तवा पॉपकॉर्न आणायला उठू नको म्हंजे झालं.

दीपमाला : आई, हे तू काल सांगितलं. आन परवा पण.

आई : मग सांगू नाय का? मी काय दरसाली पिक्चरमदी येते व्हय?

दीपमाला : बरं, एकदा नीट सांग. झेबाला सांगताना माझा घोळ व्हायचा. तू मामाकडं साखरपुड्याला फर्दापूरला गेली. मग?

आई : मग काय, मामाच्या हाटेलासमोरच शूटिंग. गावातले मास्तर मरतात, असं व्हतं. त्यांच्या बायकोचं काम करणारी बाई पुण्याहून येणार, तर तिची गाडी सिल्लोडच्या पुढं बंद पडली. ते मोठे सर बायांकडं बघून म्हणले, कोण रडंल? साऱ्या पदर तोंडात घालून हसाया लागल्या. मी म्हणलं, मी रडते.

दीपमाला : बस? एवढंच? लोक मुंबईला जाऊन चपला झिजवतात, आई!

आई : त्यात काय एवढं? आन तो मेलेला माणूस बी काय कमी नव्हता. मधीच डोळे उघडून चहा मागायचा.

दीपमाला : आन ते कटचं सांग ना.

आई : आता मला काय ठावं, कट म्हणलं की थांबायचं असतं? मी आपली रडतेच. शेवटी मेलेले मास्तरच उठून बसले. म्हणले, बाई, झालं, झालं.

दीपमाला : आई गं! पोट दुखतंय माझं. हे मी झेबाला सांगणारच. पण आधी नाय. तू पडद्यावर आलीस ना, की हळूच कोपर मारणार तिला. म्हणणार, ओळख कोण?

आई : झेबा म्हंजे ती मोबाईलवाली?

दीपमाला : मोबाईलवाली काय! तिचं पेज आहे. पिक्चर बघते आन निकाल सांगते, चिंधी, कटपीस, पोतेरं की पैठणी. अख्खी शाळा बघते. दहावीची पोरं पण. आधी मंतशा असायची तिच्याबरोबर, पण तिला काढलं. आता बहुतेक मला घेणार.

आई : मंतशाला का काढलं?

दीपमाला : हसवत नव्हती.

आई : चल, माझी गाडी येईल कंपनीची. डबा घे. आन दीपू, मी आले की मोठ्यानं ओरडू नको हं थेटरात. लोक काय म्हणतील.

दीपमाला : ओरडणार! शिट्टी पण मारणार!

*

(दुपार. गुलमंडीतलं झेबाच्या अब्बूंचं कापडाचं दुकान. अब्बू नमाजला गेलेत.)

झेबा : बस त्या गठ्ठ्यावर. नाही गे, तो रेशमी आहे, अब्बू जान घेतील. ह्या सुतीवर. वीस मिनिटं आहेत आपल्याकडे. तीन पिक्चरांचा निकाल लावायचाय आणि मेरेकु भूक पण लागलीय.

दीपमाला : भुताच्यापासून सुरू कर.

झेबा : भूत! भूत होतं का ते? एवढं काजळ, एवढी लिपस्टिक. मी म्हटलं, बाई, कोणाच्या लग्नाच्या वलिम्याला निघालीस? मारायला आलीस तर मार ना, केस कायकू उडवतेस?

दीपमाला : पंखा लावून फिरत असेल ती. भुताला पण उकडतं आपल्याकडे.

झेबा : हा! हे चांगलंय. हे घेते मी. भूत, कटपीस. आता तो कॉलेजवाला.

दीपमाला : तो हीरो? तो कॉलेजात शिकायला आला होता की पेन्शनचा फॉर्म भरायला?

झेबा : दीपू!

दीपमाला : खरंच. पळताना आधी गुडघा धरतो, मग हिरोइनचा हात धरतो.

झेबा : या अल्ला. मंतशाला अख्ख्या वर्षात एक असा सुचला नाही. ती काय म्हणायची माहितीये? "गाणी छान आहेत." गाणी छान आहेत! लोक झोपतील ना. तो पोतेरं. फिक्स. आता आजचा.

दीपमाला : आजचा... मला बरा वाटला.

झेबा : बरा?

दीपमाला : म्हणजे फर्दापूर किती भारी दिसतंय त्यात. तो डोंगर, ती बस...

झेबा : तू पण गाणी छान आहेत म्हणणार का आता?

दीपमाला : नाही. तसं नाही.

झेबा : डोंगर सोड. ती बाई सांग. ती रडणारी! मी तर खुर्चीतून खाली. पुढच्या रांगेतले काका वळून बघत होते, मैं क्या करूँ, थांबतच नव्हतं. नाकातून पाणी, तोंडातून पाणी, हंबरडा तर असा, वाटलं म्हैस अडकलीय दारात. कुठून पकडून आणतात गे ही माणसं?

दीपमाला : गावातलीच असते अशी. ऐनवेळी उभी करतात कुणालातरी.

झेबा : तुला काय माहीत?

दीपमाला : दिसतं ना. हिरोइनचे केस बघ आणि तिचे बघ.

झेबा : हौ, बरोबर. आणि तू माझ्या बरगडीत कोपर काय मारलंस मध्येच? तेवढ्यात तर ती आली. म्हणत होतीस, सरप्राइज आहे. काय सरप्राइज?

दीपमाला : काही नाही.

झेबा : बोल ना.

दीपमाला : काही नाही गं. बसचा पास संपलाय माझा, चितेगावपर्यंत उभ्यानं जावं लागणार, ते सांगायचं होतं.

झेबा : हे सरप्राइज? दीपू, तू ना कधी कधी एकदम गावठी होतेस. बरं, बोल पटकन, त्या बाईवर काहीतरी. मी मोबाईल लावते. तुझंच ठेवू आज पहिलं. पण मजा आली पाहिजे हां, नाहीतर मी मंतशालाच बोलावते परत.

दीपमाला : नको. थांब. मला वाटतं...

झेबा : काय?

दीपमाला : मला वाटतं तिला खरंच वाटलं की तो मेलाय.

झेबा : आईशपथ! मग?

दीपमाला : डायरेक्टर कट म्हणाला असेल तरी हिचं चालूच. तो कट, कट. ही आं, आं. शेवटी मेलेल्यालाच दया आली असेल. उठून बसला असेल, बाई, मी जिवंत आहे, आता तरी थांबा, मला एक चहा द्या.

झेबा : दीपू! मरते मी! थांब, हे परत. हे सगळं परत, रेकॉर्डिंगवर. आणि करून दाखव. ती ओढणी घे, नाही, ती काळी नको, ती मातकट घे. तिच्या लुगड्यासारखी. डोक्यावरून. हां. आता रड.

दीपमाला : कशी?

झेबा : तू बघितलंस ना तिला. तशीच. तुला जमेल, माझं मन सांगतंय. तुझा चेहरा पण जरा तसाच आहे.

दीपमाला : तसा म्हणजे?

झेबा : अगे गंमत. चल, एक, दोन, तीन.

दीपमाला : अरं माझ्या राजा... मला सोडून कुठं गेलास रं... आता मी कुणाकडं बघू रं... आंऽऽ...

झेबा : कट! कट!

दीपमाला : आंऽऽ... आंऽऽऽ... अरं माझ्या राजा...

झेबा : बाई, कट म्हटलं! चहा द्या ह्यांना! ...बस, बस, मला श्वास घेता येत नाहीये. हुबेहूब. हुबेहूब, दीपू! कसं केलंस? ते छातीवर हात आपटणं, ती मान. जशी काय तिच्याच घरात राहतेस.

दीपमाला : डोकं लागतं त्याला.

झेबा : आता निकाल सांग. कॅमेऱ्यात बघून. ही बाई काय? चिंधी, कटपीस, पोतेरं की पैठणी?

दीपमाला : पोतेरं.

झेबा : जोरात.

दीपमाला : पोतेरं! फरशी पुसायची, पिळायची आणि बाहेर वाळत घालायची!

झेबा : टाकलं. गेलं. बघ, बघ, लगेच लाइक आले. वर्गातला शिवम हसला. दहावीच्या पोरी हसल्या. दीपू, आजपासून पेज आपलं दोघींचं. मी नाव टाकते तुझं, झेबा आणि दीपमाला. आडनाव पण टाकू?

दीपमाला : आडनाव नको.

झेबा : सोमवारी पालकसभेला तुझी मम्मी येणार ना? माझी अम्मी भेटायचं म्हणतेय तिला. म्हणते, ही एवढी हसवणारी पोरगी कुणाची आहे, बघू तरी.

दीपमाला : नाही येणार. तिला सुट्टी नसते.

*

आई : आलीस? बस उशिरा लागली व्हय? सांग ना. दिसले का मी?

दीपमाला : पाणी दे आधी.

आई : घे. आता सांग. लांबून दिसते का जवळून? मामा म्हणला, तोंडावरच धरलाय कॅमेरा.

दीपमाला : आई.

आई : पारूबाई कवाधरून विचारतीय. रविवारी आमी साऱ्याजणी चाललोय, पॅकिंगमधल्या अकराजणी. सुपरवायझरनं बी हसून सोडलं. म्हणला, जावा, हिरोइनला बघून या. चंपाबाईनं तर नवं लुगडं काढलंय. म्हणलं, माये, पिक्चरमदी मी हाय, तू काय म्हून नटतीस?

दीपमाला : आई, तू नाहीस त्यात.

आई : कशात?

दीपमाला : पिक्चरमधे. कापलंय ते.

आई : कापलं म्हंजे?

दीपमाला : सगळं घेत नसतात ते. शूटिंग लई करतात, मग नको ते काढून टाकतात. तुझं काढलं.

आई : सारंच?

दीपमाला : सगळं.

आई : पाठमोरी, कुठं बाजूला, कुणाच्या मागं...

दीपमाला : नाहीस तू. मी डोळे फाडून बघितलं.

आई : बरं.

दीपमाला : त्या बायांना नाही म्हणून सांग. उगंच तिकिटं काढून जातील आन तू नसशील, तर कसं वाटंल.

आई : व्हय. ते बी हाय. माझ्याकडून काय चुकलं आसंल का गं?

दीपमाला : मला काय माहीत.

आई : तू हुशार हायस, तुला कळतं त्यातलं. म्हून विचारते.

दीपमाला : जास्त झालं असंल रडणं. पिक्चरमधे एवढं नसतं रडायचं. लोक हसतात.

आई : हसतात?

दीपमाला : हसले असते म्हणते.

आई : खरंय. लई झालं व्हतं ते. मलाच आवरलं नाय. ते सर म्हणले, जेवढं येईल तेवढं येऊ द्या. आन त्या माणसाचे पाय उघडे व्हते, दीपू. चादर तोकडी पडली व्हती. टाचा दिसत व्हत्या. तुझ्या पप्पाचं तोंड बी बघू दिलं नाय कुणी. त्या कोरोनात. प्लास्टिकात गुंडाळून आणला, गाडीत घातला, गाडी गेली. मी गेटाच्या बाहेर. तू एवढीशी, मामाकडं. कुणी जवळ नाय, काय नाय. रडायला तरी म्होरं कायतरी लागतं की माणसाला. नुसत्या रस्त्याकडं बघून कसं रडावं? मग ते चार वर्सं तसंच राहिलं. तिथं म्हणलं, आता हाय म्होरं, घ्यावं उरकून.

दीपमाला : तू हे सकाळी नाही सांगितलं.

आई : सकाळी तू हसत व्हतीस. तुझा फोन वाजतोय बघ.

दीपमाला : वाजू दे.

आई : घे की. झेबाचा आसंल.

दीपमाला : हां, बोल... किती? ...नऊशे? ...हो, हो, बघते... नाही, आत्ता नाही हसता येत, आई आहे इथं... ठेवते.

आई : काय नऊशे?

दीपमाला : शाळेचं आहे.

आई : चांगलं हाय ना?

दीपमाला : हो. आई, सोमवारी पालकसभेला येऊ नको. सुट्टी कशाला वाया घालवते? मी बाईंना सांगते.

आई : मी तर मागून घेतलीय सुट्टी.

दीपमाला : परत कर.

आई : बरं. पारूबाईला फोन करते आधी, नायतर ती आजच जाऊन तिकिटं काढंल. ...दीपू, एक सांग.

दीपमाला : काय?

आई : मग आता कसं दाखवलंय ते? ते मास्तर मरतात, आन?

दीपमाला : आन काय. गाडी येते. त्यांना गाडीत ठेवतात आन नेतात.

आई : कुणी रडत नाय?

दीपमाला : नाय.

आई : म्हंजे त्यालाबी तसाच नेला.